मामा दोह्यात, बहादूर बागेत!

मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. गेल्या वर्षी आपल्या कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत 'ब्रेन ड्रेन : देशद्रोह की देशसेवा?' असा विषय होता. मी तावातावाने 'देशद्रोह' या बाजूने बोलले. इथल्या करदात्यांच्या पैशावर शिकायचं आणि भलं मात्र अमेरिकेतल्या कंपनीचं करायचं, लाज नाही वाटत? वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या, दुसरं बक्षीसही मिळालं. स्टेजवरून खाली उतरते तोच माझी रूममेट कानात पुटपुटली, "मॅडम, तुमच्या सॅकमधून जीआरईचं पुस्तक डोकावतंय!"

त्या दिवसापासून हा विषय काही डोक्यातून जाईना. लायब्ररीत शोधलं, नेटवर शोधलं, घरच्यांना प्रश्न विचारून हैराण केलं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडते आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'स्थलांतर' आणि 'स्थित्यंतर' यांत माझी अजूनही गल्लत होते आणि एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन हे बोटांवर मोजावं लागतं. म्हणून या लेखातले आकडे आकड्यांतच लिहिले आहेत. बाकी चुका मराठी विभागाच्या संपादकांनी सुधारल्या असतीलच!

तर गोष्ट सुरू होते माझ्या आजोळी, गुहागर तालुक्यातल्या एका छोट्या गावात. या दिवाळीत आम्ही तिथे गेलो होतो. मामाचं घर गावात उठून दिसतं. दुमजली, पुढे लोखंडी गेट, आत गुळगुळीत फरशी. वरचा मजला मात्र कायम कुलूपबंद, कारण तिथे राहायला माणसंच नाहीत. मामा गेली १९ वर्षं कतारमध्ये दोह्याला एसी मेकॅनिक आहे. घरामागे हापूसची बाग. मामा इथे नाही, आजोबा थकलेले, म्हणून बाग राखायला एक नेपाळी माणूस आहे. दिवाळीच्या सुमारास येतो, फवारणी करतो, वानरं हाकलतो आणि हंगाम संपला की मेअखेरीस परत जातो. गावात सगळे त्याला 'बहादूर' म्हणतात.

एका संध्याकाळी तो बागेच्या कडेला मोबाईलवर बोलत बसला होता. मी सहज विचारलं, "घरी फोन का?" तर म्हणाला, "नहीं, छोटा भाई। कतार में है।"

मी तिथेच थबकले. माझा मामा कतारमध्ये, म्हणून त्याच्या बागेत नेपाळचा माणूस. आणि त्या माणसाचा सख्खा भाऊ पुन्हा कतारमध्येच! मग नेपाळमधलं त्यांचं शेत कोण बघतं? तर त्याची बायको आणि म्हातारी आई. जागतिक स्थलांतर या एवढ्या मोठ्या विषयाचं सगळं सर्किट त्या एका बागेत मला दिसलं.

स्थलांतरित म्हणजे कोण?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोजणीची व्याख्या अगदी सोपी आहे. ज्या देशात जन्म झाला, किंवा ज्या देशाचं नागरिकत्व आहे, त्यापेक्षा वेगळ्या देशात जो राहतो तो आंतरराष्ट्रीय स्थलांतरित. मग तो न्यू जर्सीतला सॉफ्टवेअर इंजिनियर असो की दोह्यातला मेकॅनिक. २०२४ साली जगात असे सुमारे ३० कोटी ४० लाख लोक होते. आकडा प्रचंड वाटतो ना? पण हे प्रमाण जगाच्या लोकसंख्येच्या जेमतेम ३.७ टक्के आहे. म्हणजे दर १०० माणसांमागे ९६ जण आपल्याच देशात राहतात! बातम्या ऐकून मला वाटायचं, अर्धं जग बॅगा भरूनच बसलंय.

मूळ देशानुसार पाहिलं तर भारताचा नंबर पहिला लागतो. सुमारे १ कोटी ८५ लाख भारतीय देशाबाहेर राहतात. परंतु खरं मोठं स्थलांतर देशाच्या आतच होतं. २०११ च्या जनगणनेत आपलं मूळ ठिकाण सोडून दुसरीकडे राहणारे सुमारे ४५ कोटी लोक देशात मोजले गेले आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा आहे. म्हणजे माझी आई, मामी, आजी सगळ्याच स्थलांतरित. पण त्यांच्या स्थलांतरावर वादविवाद स्पर्धा कोणी ठेवत नाही!

व्होल्टेज, वायर आणि रेझिस्टन्स

माणसं का जातात, याचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्या पहिल्या काही लोकांत रॅव्हेनस्टाइन हे नाव येतं. हा जर्मनीत जन्मलेला आणि लंडनमध्ये स्थायिक झालेला भूगोलतज्ज्ञ, म्हणजे स्वतःच स्थलांतरित. १८८५ साली ब्रिटिश जनगणनेचे आकडे अभ्यासून त्याने 'स्थलांतराचे नियम' मांडले. बहुतेक लोक जवळच जातात. लांब जाणारे मोठ्या व्यापारी केंद्रांकडे जातात. माणसं टप्प्याटप्प्याने सरकतात आणि त्यांनी सोडलेली पोकळी आणखी दूरची माणसं भरतात. शिवाय प्रत्येक प्रवाहाबरोबर एक उलटा प्रवाहही असतो.

आता हे नियम मामाला लावून बघा. गुहागरहून आयटीआयसाठी चिपळूण, तिथून नोकरीसाठी मुंबई आणि मुंबईहून दोहा. आणि त्याने सोडलेली जागा भरायला नेपाळहून बहादूर! तिथे रॅव्हेनस्टाइन १४० वर्षांनंतरही पास होतो, तेही डिस्टिंक्शनमध्ये.

पुढे १९६६ साली एव्हरेट ली या अमेरिकन अभ्यासकाने हा विचार अधिक नीट मांडला. गावाकडून बाहेर ढकलणारा 'धक्का' असतो. कमी पगार, नापीक शेती, युद्ध, जातीचा जाच, काहीही. शहराकडे खेचणारी 'ओढ' असते. जास्त पगार, शिक्षण, मोकळेपणा. पण त्याचबरोबर मधे अडथळेही असतात, हे लीने आवर्जून सांगितलं. आपल्या भाषेत सांगायचं तर धक्का आणि ओढ मिळून होतो पोटेन्शियल डिफरन्स. अंतर, खर्च, व्हिसा हा झाला रेझिस्टन्स. आणि नुसतं व्होल्टेज असून भागत नाही, वायर नसेल तर करंट वाहणारच नाही.

ही वायर म्हणजे ओळखीची माणसं. कोकणातून मुंबईला गिरणीत गेलेला चाकरमानी पहिल्यांदा उतरायचा तो गाववाल्यांच्या खोलीवर. एकेका खोलीत पंचवीस-तीस माणसं, पाळीपाळीने झोपायची. त्यातला कोणीतरी त्याला साहेबाकडे घेऊन जायचा. मामा दोह्याला गेला तोही असाच. वाडीतला एक जण आधी गेला, त्याने दुसऱ्याला नेलं, दुसऱ्याने मामाला. आज आमच्या एकट्या वाडीतले ११ जण कतारमध्ये आहेत आणि शेजारच्या वाडीतला एकही नाही! गरिबी दोन्हीकडे सारखीच, पण वायर एकाच वाडीत पोचली. आणि आपण सीनियर्सना मेसेज टाकून 'प्रोफेसर कसे आहेत, रूम मिळेल का' विचारतो, ते तरी वेगळं काय आहे?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सगळ्यांत गरीब माणूस परदेशी जातो असं आपल्याला वाटतं, पण तसं सहसा होत नाही. जायला पैसा लागतो. मामाच्या तिकिटासाठी आणि एजंटसाठी मामीच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. ज्यांच्याकडे गहाण ठेवायलाही काही नाही ते फार तर जवळच्या शहरात जातात. म्हणूनच एखादा गरीब देश थोडा सुधारू लागला की सुरुवातीला बाहेर जाणाऱ्यांची संख्या कमी होत नाही, उलट वाढते. देश बराच श्रीमंत झाला की मग ती उतरू लागते. आलेख काढला तर मधे टेकडी दिसते.

दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. १९६० च्या दशकात कोरियाने आपले खाणकामगार आणि नर्सेस पश्चिम जर्मनीला पाठवले. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि आखातात बांधकामांचा पूर आला, तेव्हा हजारो कोरियन कामगार तिथे राबत होते. आणि आज? आज कोरियाच कारखान्यांत काम करायला नेपाळसारख्या देशांतून कामगार बोलावतो. एका पिढीत टेकडी चढून उतरला!

दाराची किल्ली कुणाकडे?

रेझिस्टन्समधला सर्वांत मोठा भाग म्हणजे त्या त्या देशाचा कायदा. हा भाग मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कतारमध्ये दर १० माणसांमागे जेमतेम एक जण कतारी आहे. बाकी सगळे बाहेरचे. २०२२ चा फुटबॉल वर्ल्डकप ज्या स्टेडियममध्ये झाला ती आपल्या आणि नेपाळ-बांगलादेशच्या माणसांनी बांधली. आखाती देशांत कामगारांना आणण्याची जी पद्धत आहे तिला 'कफाला' म्हणतात. प्रत्येक कामगाराचा एक स्थानिक जामीनदार असतो. व्हिसा त्याच्या नावावर. नोकरी बदलायची तर त्याची परवानगी लागायची आणि कतारमध्ये तर देशाबाहेर पडायलाही त्याची सही लागायची.

२०१६ साली आजी गेली तेव्हा मी पाचवीत होते. मामाला रात्रीच फोन केला. पण त्याचा मालक कुठेतरी बाहेरगावी होता आणि सहीशिवाय विमानतळ ओलांडता येत नव्हता. मामा पोचला तो दहाव्या दिवशी. नदीवर सगळे जमले होते आणि तो बॅग घेऊन थेट तिथेच आला. त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. कुणाला काही बोलला नाही. नंतर २०१८ मध्ये कतारने बहुतेक कामगारांसाठी ही सहीची अट काढली आणि २०२० मध्ये नोकरी बदलण्याची परवानगीही रद्द केली. चांगलंच झालं, पण आमच्या आजीसाठी उशीर झाला.

आता तुम्ही म्हणाल, ते आखात आहे, अमेरिकेत असं नसतं. थांबा! अमेरिकेचा इतिहास बघा. १९४६ साली कायदा बदलून भारतीयांसाठी दार किलकिलं केलं, तेव्हा कोटा होता वर्षाला फक्त १०० माणसांचा. १९६५ च्या कायद्याने वंशावर आणि देशावर आधारलेली ती जुनी कोटा पद्धत मोडली आणि भारतीय डॉक्टर-इंजिनियर मोठ्या संख्येने जाऊ लागले. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आला. आज वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा आहे. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी सुमारे ७० टक्के आपल्या लोकांचे असतात. पण नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्ड्स वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि कोणत्याही एका देशाला त्यातला ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा सहसा मिळत नाही. भारतासारख्या देशालाही ७ आणि छोट्याशा आइसलँडलाही ७! त्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, त्याच रांगेत आहे. चांगला पगार, गाडी, सगळं आहे. पण नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. भारतात यायचं तर व्हिसाचा शिक्का पुन्हा मिळेल का ही धाकधूक. तीन वर्षं झाली, तो आलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, त्या रात्री आमच्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये कशी शांतता पसरली होती ते तुम्हाला आठवत असेलच.

मामा मेकॅनिक, दादा सॉफ्टवेअर इंजिनियर. पगारात जमीन-अस्मानाचा फरक. पण दोघांचंही तिथलं राहणं मालकाच्या कागदावर अवलंबून. दोघांची तुलना करता येते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आणि बहादूर? १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला व्हिसाच लागत नाही. गोरखपूरमार्गे गाडीत बसला की आला. कुणाच्या सहीची गरज नाही. पण त्याचबरोबर त्याच्या हातात कसला करारही नाही, पगाराची पावतीही नाही.

पैसा येतो, माणूस जातो

आता परिणामांकडे वळू. ज्या देशातून माणसं जातात त्या देशाला सर्वांत आधी दिसतो तो पैसा. परदेशातून घरी पाठवलेल्या या पैशाला इंग्रजीत 'रेमिटन्स' म्हणतात. आपल्या आजोबांच्या पिढीला हा शब्द माहीत नव्हता, पण 'मनीऑर्डर' पक्की माहीत होती. मुंबईच्या मनीऑर्डरवर कोकणातली हजारो घरं चालली. पुरुष मुंबईला, बायका गावाला, हे इतकं मुरलेलं होतं की २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१०० हून अधिक स्त्रिया होत्या. म्हणजे स्थलांतर थेट जनगणनेच्या तक्त्यात दिसतं!

तीच मनीऑर्डर आता जागतिक झाली आहे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ साली भारतात असे सुमारे १२९ अब्ज डॉलर आले. जगात पहिला नंबर. पूर्वी यात आखाताचा वाटा निम्म्याहून जास्त होता. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत अमेरिका सुमारे २८ टक्क्यांसह पहिली आणि संयुक्त अरब अमिरात सुमारे १९ टक्क्यांसह दुसरी आली. आणि हे पैसे घेणाऱ्या राज्यांत पहिलं कोण? केरळ नव्हे, महाराष्ट्र! नेपाळची गोष्ट तर आणखी वेगळी. त्या देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास पाव भागाएवढी रक्कम परदेशातली माणसं पाठवतात.

या पैशाचा मोठा गुण असा की तो थेट घरात येतो. मधे सरकार नाही, कंत्राटदार नाही. शिवाय गावाकडे संकट आलं की कंपन्यांचा पैसा पळून जातो, पण मुलगा उलट जास्त पाठवतो. या पैशातून मामाच्या मुलीचं फार्मसी झालं, आजोबांचं बायपास झालं, पाटल्या सुटल्या.

पण दुसरी बाजूही आहे. गावातल्या जमिनीचे भाव असे चढले की इथेच राहणाऱ्याला गुंठा घेणं परवडत नाही. शेती पडीक पडते. घरं मोठी होतात आणि रिकामी राहतात. शिवाय सगळी अंडी दुसऱ्याच्या टोपलीत. १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. २०२० च्या कोरोनातही तसंच. येणारा पैसा एका रात्रीत बंद आणि माणसं दारात.

मग ब्रेन ड्रेनचं काय? माझ्या भाषणात मी म्हणाले होते की शिकलेला माणूस गेला की देश रिकामा होतो. हे पूर्ण खोटं नाही. घानासारख्या देशातून नर्सेस आणि डॉक्टर्स ब्रिटनला गेले की तिथल्या दवाखान्यांना त्याचा खरोखर फटका बसतो. म्हणूनच २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीविषयी एक आचारसंहिता केली. पण ती बंधनकारक नाही.

पण माझ्या भाषणात एक नाव नव्हतं आणि ते प्रतिस्पर्ध्याने घेतलं असतं तर मी हरले असते. ते म्हणजे मॉरिस चँग. चीनमध्ये जन्म, तरुणपणी अमेरिकेला, तिथे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये सुमारे २५ वर्षं. १९८५ साली तैवान सरकारच्या निमंत्रणावरून ते तैवानला गेले आणि १९८७ साली त्यांनी टीएसएमसी स्थापन केली. आज आपल्या खिशातल्या फोनमधली चिप बहुधा तिथलीच असते. मात्र नीट पाहा, तैवानने नुसती हाक मारली नाही. सायन्स पार्क, संशोधन संस्था, भांडवल सगळं आधी उभं केलं. देशाने खुर्ची मांडली की माणूस येऊन बसतो. नुसती भावनिक आवाहनं करून कोणी परत येत नाही.

ज्यांच्या घरी पाहुणे येतात

आता ज्या देशात माणसं जातात तिथलं बघू. तिथे एकच ओरड असते, 'हे लोक आमच्या नोकऱ्या घेतात.' हे तपासण्याची एक संधी अचानक मिळाली ती १९८० साली. क्यूबाने मारिएल बंदर उघडलं आणि काही महिन्यांत सुमारे १ लाख २५ हजार क्यूबन लोक अमेरिकेत आले. त्यातले बरेचसे मायामीतच राहिले. शहरातले कामगार एकदम ७ टक्क्यांनी वाढले. पगार कोसळले असतील ना? डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञाने १९९० साली अभ्यास केला तर मायामीतल्या पगारांवर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. कारण माणूस दोन हात घेऊन येतो तसं पोटही घेऊन येतो. तो काम करतो तसाच खर्चही करतो. त्यामुळे दुकानं, घरं, नोकऱ्याही वाढतात. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळालं. मात्र जॉर्ज बोर्हास या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने तेच आकडे वेगळ्या पद्धतीने तपासून शाळा अर्धवट सोडलेल्यांचे पगार घसरले होते असा दावा केला. म्हणजे सरासरी ठीक असली तरी तळातल्या माणसाच्या तक्रारीत तथ्य असू शकतं. आपण सरासरीवर खूश होणारे लोक, पण स्टँडर्ड डेव्हिएशनही बघायला हवं!

दुसरं उदाहरण जर्मनीचं. युद्धानंतर कारखान्यांना माणसं कमी पडली म्हणून १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून 'पाहुणे कामगार' बोलावले. पाहुणे म्हणजे काम संपलं की परत जायचं असा हिशेब. १९७३ साली भरती थांबवली, पण लाखो लोक तिथेच राहिले, बायकामुलं बोलावली. जर्मनीने मात्र कितीतरी वर्षं त्यांना पाहुणेच मानलं, मुलांच्या भाषेकडे आणि नागरिकत्वाकडे लक्ष दिलं नाही. त्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. त्याच पाहुण्यांपैकी कोलोनच्या मोटार कारखान्यात काम करणाऱ्या एकाचा मुलगा म्हणजे उगुर शाहीन. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी ओझलेम ट्युरेजी यांनी स्थापन केलेल्या बायोएनटेकने २०२० साली कोरोनाची लस बनवली. कामगार म्हणून आणलेल्या माणसाची पुढची पिढी काय करेल हे व्हिसाच्या फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

आणि आपण स्वतः? लोकलच्या गर्दीत 'हे बाहेरचे लोक' म्हणून बोटं मोडणारे काका घरी गेल्यावर मुलाच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी सत्यनारायण घालतात. काकांना हसण्याचा अधिकार मला नाही. माझ्या सॅकमधलं पुस्तक तुम्हाला ठाऊक आहेच.

निर्वासित वेगळे

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवावा. स्थलांतरित आणि निर्वासित हे एक नव्हेत. १९५१ च्या जागतिक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मतं अशा कारणांनी छळ होण्याच्या रास्त भीतीमुळे जो देश सोडतो तो निर्वासित. त्याला परत त्या छळात ढकलता येत नाही. भारताने या करारावर सही केलेली नाही, तरी १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे १ कोटी लोकांना आपण आसरा दिला होता. २०२४ च्या अखेरीस जगात युद्ध आणि छळामुळे घर सोडावं लागलेले १२ कोटींहून जास्त लोक होते. त्यातले निम्म्याहून अधिक आपल्याच देशात विस्थापित होते. आणि सीमा ओलांडलेल्यांपैकी बहुतेक शेजारच्या, स्वतः गरीब किंवा मध्यम असलेल्या देशांत आहेत. त्यामुळे 'सगळे आमच्याकडेच येतात' हे श्रीमंत देशांचं म्हणणं आकड्यांत बसत नाही.

मग जावं की न जावं?

मित्रांनो, तीच स्पर्धा उद्या पुन्हा झाली तर मी आधी विषयच बदलायला सांगेन. जाणं हा द्रोहही नाही आणि सेवाही नाही. माणूस जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, त्या दुसऱ्याच्या जागी कुणाची तरी बायको आणि आई राबते. ही साखळी बंद करता येणार नाही. विचारायचे प्रश्न दोनच. तो माणूस कोणत्या अटींवर गेला, त्याच्या सहीची किल्ली कुणाच्या खिशात आहे? आणि त्याच्या जाण्याचा फायदा एकाला होताना खर्च कुणाच्या माथी पडतो? मामाच्या कंपनीच्या हिशेबात आजीचा दहावा दिवस कुठेच नव्हता. आणि आमच्या बागेच्या हिशेबात नेपाळमधली ती म्हातारी कुठेच नाही.

निघायच्या दिवशी मी बहादूरला त्याचं खरं नाव विचारलं. तो आधी गोंधळला, मग हसला आणि सांगितलं. सहा हंगाम तो आमच्या बागेत येतोय आणि आम्हा कुणालाही त्याचं नाव माहीत नव्हतं! आता आजोबाही त्याला त्याच नावाने हाक मारतात, उच्चार थोडा चुकतो इतकंच. पगाराची वही घालायची असंही मामीने ठरवलंय.

मामा पुढच्या वर्षी कायमचा परत येणार म्हणतोय. असं तो गेली सात वर्षं म्हणतोय, त्यामुळे वरच्या मजल्याचं कुलूप अजून तसंच आहे.

आणि माझी जीआरई फेब्रुवारीत आहे. तोपर्यंत मला कुणी वादविवाद स्पर्धेला बोलावू नका, ही नम्र विनंती!